पाच बोटांचा मोर

आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा गृहस्थ पहिल्यापासूनच असला. भूत, करणी, भानामती, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. नुसता नव्हता असंही नाही, त्या अविश्वासाचा मला थोडा माज होता. ऑफिसात कुणी चिंचेवरच्या हडळीची गोष्ट काढली, की मी चष्मा पुसत "पुरावा काय?" असं विचारायचो आणि रंगात आलेल्या गप्पांचा विचका करायचो. बायकोचं म्हणणं, लोक मला घाबरून नव्हे, कंटाळून गप्प बसत. असेल. (पालीला मात्र मी घाबरतो. पण पाल असते, हे सिद्ध झालेलं आहे.)

तर हे घडलं आमच्या नगरच्या घरात. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा, म्हणजे त्र्याहत्तरचा उन्हाळा. सावेडीच्या बाजूला तेव्हा नुकत्याच वसाहती व्हायला लागल्या होत्या. घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. मी पाटबंधारे खात्यात कारकून. पाटात पाणी नाही, बंधाऱ्यात चिखलसुद्धा नाही, आणि मी रोज वेळेवर ऑफिसात जाऊन फायली वरखाली करतोय — असे ते दिवस. त्यातच आमचं घर बांधून झालं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी. पुढे चार पायऱ्या, त्यावर मी सिमेंटचा एक कट्टा बांधून घेतला होता, निवृत्तीनंतर बसायला. निवृत्ती खूप लांब होती, पण मी दूरदृष्टीचा माणूस.

आता भिंतींना रंग कुठला द्यायचा, हा प्रश्न आला. माझ्या मते तो प्रश्नच नव्हता. ऑफिसला असतो तसा — खाली कमरेपर्यंत तपकिरी, वर फिकट पिवळा. मळत नाही, डोळ्यांत भरत नाही, बघून झोप चांगली येते.

"घर आहे का कचेरी?" कुसुम म्हणाली. कुसुम म्हणजे माझी बायको. "बाहेर बघा जरा. झाडं करडी, माती करडी, गुरं करडी, माणसंसुद्धा करडी झालीत. निदान आत आल्यावर तरी डोळ्याला ओल वाटू दे."

यावर मी काही तरी समर्पक बोललो असणार, पण ते कुणी ऐकलं नाही. स्वयंपाकघर पोपटी झालं. मधली खोली निळी, त्यावर रबरी रोलरने काढलेली पांढरी फुलं — त्या नक्षीच्या रोलरची तेव्हा नगरमध्ये लाट होती. दारं-खिडक्या डाळिंबी. जुन्या लुगड्यांचे काठ उसवून तिने उशांचे अभ्रे केले, एकावर एक ठिगळं लावून दिवाणावरची चादर केली. ती चादर बघून शेजारचे मास्तर म्हणाले, "वा! अगदी... अगदी जागं घर आहे तुमचं." मास्तर सभ्य गृहस्थ. ते गणित शिकवायचे.

राहिली बाहेरची खोली. तिची समोरची मोठी भिंत कुसुमने झेंडूच्या पिवळ्या रंगाची करून घेतली आणि तिथे वसंत पेंटर आले.

वसंत पेंटर म्हणजे लग्नघरं रंगवणारे कलावंत. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार-चोपदार, वर गणपती, खाली वळणदार अक्षरांत वधूवरांची नावं — हा त्यांचा धंदा. पण त्या साली लग्नंच होत नव्हती. ज्यांची अगदी टळत नव्हती ते देवळात हार घालून मोकळे होत. त्यामुळे वसंतराव रिकामे, आणि रिकामा कलावंत फार बोलतो. आपला हत्ती बघून नवरदेवाचा घोडा कसा बिथरला, हे त्यांनी मला चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगितलं. प्रत्येक वेळी घोडा जास्त बिथरायचा.

कुसुमने त्यांना सांगितलं, "लग्नाच्या भिंतीवर काढता ते सगळं काढा. फक्त नावं नकोत."

"वयनी, नावाबिगर चित्र म्हंजे मिठाबिगर कालवण."

"मीठ मी घालीन. तुम्ही हत्ती काढा."

त्यांनी हत्ती काढले, कळस काढला, आंब्याच्या डहाळ्या, पोपट, वेली. डाव्या बाजूला एक डौलदार मोर काढला. उजवीकडे, मधल्या खोलीच्या दाराशेजारी, त्याचा जोडीदार यायचा होता. पण तेवढ्यात राजूरहून निरोप आला, की तिथल्या एका देवळाचं रंगकाम आहे. वसंतराव ब्रशांची पिशवी खांद्याला लावून पहिल्या एस.टी.ने गेले. ऑइलपेंटचे अर्धे डबे आमच्या मधल्या खोलीत राहिले आणि उजवीकडची जागा कोरी राहिली. नुसती पिवळी. दात पडल्यासारखी दिसायची.

कुसुमचा जीव त्या जागेत अडकला होता. माझा मात्र दुसरीकडेच.

माझी थोरली बहीण — अक्का. आमची आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते अक्कानेच. आमचं गाव पाथर्डीकडचं. अक्काला दिलं ते पार दुसऱ्या टोकाला, खर्ड्याजवळच्या एका वाडीत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा विहिरीचं काम करताना गेला. मूलबाळ नाही. दिराच्या घराला लागून एक खोली, तिथे ती एकटी राहायची. दीर माणूस वाईट नव्हता, पण दुष्काळाने त्यालाच सोलून काढलं होतं. अक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि त्या चैत्रात ती कामावर उन्हाने भोवळ येऊन पडली. दिराने कुणाकरवी तरी मला निरोप दिला — न्यायचं तर आत्ताच न्या, ही बाई कुणाचं ऐकत नाही.

म्हणून ठरवलं, की अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची आणि त्याआधी अक्काला कायमचं घेऊन यायचं.

एका शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून मी घरी आलो. कुसुम तयार होती. खिडक्या लावल्या, मागचं दार आतून कडी, पुढच्या दाराला कुलूप. किल्ली एकच होती आणि ती माझ्या जानव्याला... म्हणजे, मी जानवं घालत नाही, पण करगोट्याला. हसू नका. किल्ल्या हरवण्यात माझा हातखंडा होता, म्हणून कुसुमनेच ती व्यवस्था केली होती. माळीवाड्याच्या स्टँडवरून जामखेडची गाडी, तिथून खर्ड्याची, आणि पुढे पायी. संध्याकाळी पोचलो.

अक्का ओट्यावर बसून मिलो निवडत होती. ती परदेशी तांबडी ज्वारी त्या वर्षी सगळा महाराष्ट्र खात होता आणि सगळा महाराष्ट्र तिला नावं ठेवत होता. अक्काचं मळकट, रंग ओळखू न येणारं लुगडं आणि उन्हाने पोळलेला चेहरा बघून मला बोलायला सुचेना. कुसुमला सुचलं.

"वन्सं, गाठोडं बांधा. उद्या सकाळच्या गाडीने निघायचंय."

"अगं, आदी पानी तर पी."

"पिते. तुम्ही गाठोडं बांधा."

अक्का हसली. मग तिने आम्हाला जेवू घातलं, सगळ्यांची चौकशी केली, घराला खिडक्या किती, चूल कुठल्या तोंडाला, सगळं विचारलं. मी भिंतीवरच्या हत्तींचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"भित्तीवर? घरात? लगीन न्हाई काय न्हाई, आनि हत्ती?"

"कुसुमला हवे होते."

"लई ग्वाड," अक्का म्हणाली. पुन्हा म्हणाली, "लई ग्वाड केलंस, कुसुम."

इथे एक सांगायला हवं. अक्का लहानपणी भिंती रंगवायची. आमच्या गावात तेव्हा पेंटर-बिंटर नव्हते. लग्न निघालं की घरच्या पोरीबाळीच चुना, काव, नीळ घेऊन भिंती सजवायच्या. आणि गावातल्या प्रत्येक लग्नात मोर काढायला अक्काला बोलावणं यायचं. ब्रश नाही, काडी नाही. बोटानेच. तिचा मोर होता देखणा, पण त्याचे पाय सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होते. कारण पाय काढायला ती शिकली होती गौरीची पावलं काढताना — मुठीचा ठसा आणि पुढे पाच ठिपके. तिला वाटे, पाय म्हणजे असेच. त्यामुळे तिच्या प्रत्येक मोराला गौरीची पावलं असायची. मोराची पिसं भरभरून, मान डौलात, आणि खाली बाईमाणसाची पाच-पाच बोटं. लोक म्हणायचे, "तुजा मोर हळदीकुंकवाला निगालाय जनू." आई होती तेव्हा तिने सांगून पाहिलं, नंतर मी सांगितलं, पण अक्काने पाय बदलले नाहीत.

नवरा गेल्यावर मात्र तिला लग्नघरी बोलावणं बंद झालं. कुणी नको म्हणालं असं नाही. बोलावलंच नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तर रविवारी सकाळी कुसुमने पुन्हा गाठोड्याचा विषय काढला, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "न्हाई येत म्या."

"का?"

"वास्तुशांत हाय. नवं घर हाय. त्येला माजा हात लागाया नगं. बापू, समजावून सांग तिला."

बापू म्हणजे मी. मी समजावण्याऐवजी वाद घालायला लागलो. हे सगळं थोतांड आहे, शास्त्रात नाही, विज्ञानात नाही, अमुक आणि तमुक. मी बोलायला लागलो की अक्का लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकते, आणि शेवटी नाक पुस म्हणते. तसंच झालं.

"तू शिकलेला हाय, तुजं खरं असंल. पर उद्या तुज्या घरात कुनाला ठेच जरी लागली ना, तर म्या मनाशी काय म्हनीन? मागनं कदीतरी यीन. परड्याच्या दारानं. परडं हाय का तुमच्या घराला?"

"मोरी आहे," मी म्हणालो.

"मंग मोरीनं यीन."

कुसुमला रडू आलं. अक्काने तिच्या पदरात शेंगा बांधल्या, आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. हे मी मुद्दाम सांगतोय. गाडीच्या मागच्या काचेतून मी तिला बघत होतो. ती तिथे होती, खर्ड्याच्या रस्त्यावर, डोळ्यांवर हात धरून.

नगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. कुलूप जसंच्या तसं. मी करगोट्याशी झटापट करून किल्ली काढली (शेजारच्या मास्तरांनी सभ्यपणे तोंड फिरवलं), दार उघडलं, आणि कुसुम माझ्या मागून म्हणाली, "अहो..."

उजव्या बाजूची जागा कोरी नव्हती.

तिथे मोर होता. हिरवा, निळा, मधे मधे डाळिंबी डोळे असलेला पिसारा पार छताच्या पट्टीपर्यंत गेलेला. ब्रशाचा नव्हता. बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते — जाड, बारीक, कुठे अंगठा दाबलेला. मान मागे वळवलेली, दाराकडे बघणारी. आणि खाली, पायांच्या जागी... मुठीचे दोन ठसे. पुढे पाच-पाच ठिपके.

मी काय केलं? मी, पुरावा मागणारा माणूस, पुढे झालो आणि त्याला बोट लावलं. ओला होता. बोटाला हिरवा रंग लागला, तो मी भांबावून शर्टाला पुसला.

"शर्ट!" कुसुम ओरडली. संसारी बाई समोर ब्रह्मराक्षस आला तरी आधी डागाचंच बघते.

मग आम्ही घर तपासलं. मागची कडी आतून लागलेली. खिडक्या बंद, गज शाबूत. रंगाचे डबे मधल्या खोलीत होते तिथेच. हिरव्या डब्याचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं, की मला ते उलथन्याने उचकटावं लागलं. आत रंगावर साय धरली होती — दुधावर धरते तशी, जाड — आणि ती कुठेही फाटलेली नव्हती. निळ्या डब्याचं तेच. म्हणजे त्या डब्यांत कुणी बोट बुडवलेलं नव्हतं. मग भिंतीवरचा रंग आला कुठून?

मास्तरांना विचारलं. दोन्ही दिवस ते ओट्यावरच होते. त्यांच्याकडे पाहुणे होते आणि आत उकडत होतं. कुणी आलं नाही, गेलं नाही. ते मोर बघायला आले, पायांपाशी वाकून बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "चित्रकाराने पायांकडे थोडं दुर्लक्ष केलंय." त्यांना मी काही सांगितलं नाही. कुसुमला सांगितलं. अक्काच्या मोरांबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. तो विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. ती दिवाणावर बसली, पदरातल्या शेंगा तशाच बांधलेल्या.

"तुम्ही परत जा त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? मोर आला म्हणून?"

"हो. तेवढंच सांगा."

मी गेलो, पण लगेच नाही. चार दिवस मी खुलासे शोधण्यात घालवले. वसंतराव गुपचूप परत आले असतील... पण कुलूप? रंगाला उष्णतेने पाझर फुटला असेल... आणि पाझर फुटून पाच बोटं? शेवटी रजा टाकली आणि खर्ड्याची गाडी धरली.

अक्का नुकतीच कामावरून आली होती. मी काही बोलायच्या आतच तिने मला पाणी दिलं आणि तांब्या घेताना मला तिची बोटं दिसली. नखांच्या कडेला हिरवं. अंगठ्याच्या पेराला निळं.

"हे काय लागलंय?"

"काय ठाव न्हाई बाबा. तुमी गेलात त्या दिशी सांजच्याला बगितलं तर ह्ये. राकेनं घासलं, घासलेट लावलं, इटकरीनं खरवडलं. निगंना."

"बैलांच्या शिंगांचा रंग असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

"बैल छावनीत हायेत, आनि पोळा कुटं हाय आत्ता?"

"कामावर खुणा करायला लावत असतील रंग..."

"तिथं चुना असतोय. पांडरा." ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "बापू, तुजं तोंड असं का झालंय? कुसुम बरी हाय ना?"

मग मी सांगितलं. जसं घडलं तसं, मधे एकदाही 'पुरावा' हा शब्द न वापरता. ती ऐकत होती. हाताची बोटं तिने पदराखाली घेतली होती.

"पाय कसं हायेत?" तिने शेवटी विचारलं.

"गौरीचे."

तिने पदराखालून बोटं काढून एकदा बघितली. मग उठून खुंटीवरचं लुगडं काढलं. "बगून येती," म्हणाली. "निस्तं बगून. भाईरनं. दारातनं दिसतो का?"

"दिसतो."

"मंग दारातनंच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि वाटभर बाहेर बघत राहिली. सावेडीला आलो, तर आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता. वसंत पेंटर राजूरहून परतले होते.

"ह्यो मोर कुणी काढला? माझ्या भिंतीवर?" ते कुसुमवर डाफरत होते. "उद्या लोक म्हणतील वसंत पेंटरनं काढला! ह्ये पाय? वयनी, ह्ये पाय बघून मला नगर सोडावं लागंल! पैलं ह्ये पुसतो, मग बाकीचं बोलू." आणि ते फडकं रॉकेलमध्ये बुडवून मोराकडे निघाले. कुसुम मधे उभी होती, हात पसरून.

"पुसायचं नाही!"

"पुसणार!"

अक्का पायऱ्यांच्या खाली थांबली होती. ठरल्याप्रमाणे. दारातून भिंत दिसत होती. तिने मोर बघितला, फडकं बघितलं, आणि माझ्या आयुष्यात मी तिचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता —

"ए बाबा! हात लावू नगंस त्येला!"

आणि पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून, माझ्या बायकोला बाजूला सारून ती मोरासमोर जाऊन उभी राहिली. पाठ भिंतीला, कमरेवर हात. वसंतराव दोन पावलं मागे सरकले.

"मावशी, तुमी काढला का ह्यो?"

"म्या न्हाई काढला. पर हाय माजाच."

"मोराला पाच बोटं असत्यात?"

"तुज्या हत्तीला गुडगं हायेत का?"

वसंतरावांनी वळून आपल्या हत्तींकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. हत्तींचे पाय खांबासारखे सरळ होते, वरपासून खालपर्यंत. इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"ती श्टाईल हाय," वसंतराव म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"मंग ही बी हाय," अक्का म्हणाली.

आणि मग अक्काला कळलं की ती कुठे उभी आहे. तिने पायाखालच्या फरशीकडे बघितलं, मग उंबऱ्याकडे. चेहरा पडला. ती बाहेर निघणार, एवढ्यात कुसुमने तिचा हात धरला — तोच, रंगाचा — आणि तो उलटासुलटा करून बघितला. मग मोराच्या मानेवरच्या फराट्याशेजारी नुसता धरला. लावला नाही. फराट्याची रुंदी आणि बोटाची रुंदी... मी तुम्हाला काय सांगू.

"वन्सं," कुसुम म्हणाली, "तुमचा हात या घराला तुम्ही यायच्या आधीच लागलाय. आठवडा होत आला. कुणाला ठेच लागली नाही. यांच्या शर्टाला तेवढा डाग पडला, आणि तो शर्ट मला तसाही आवडत नव्हता."

अक्का खाली बसली. फरशीवरच. पदर तोंडाला लावून ती आधी रडली असावी आणि मग हसली असावी; पदरामुळे नक्की कळलं नाही. वसंतराव फडकं हातात घेऊन तसेच उभे. शेवटी म्हणाले, "वयनी, चा टाका. मावशीला उन्हाचा तरास झालाय." आणि स्वतः पुन्हा एकदा घोड्याची गोष्ट सुरू केली. अक्काने विचारलं, घोडा बिथरला तो हत्तीला गुडघे नव्हते म्हणून का. ती गोष्ट त्यानंतर आम्हाला कधी ऐकावी लागली नाही.

अक्का परत गेली नाही. तिचं गाठोडं मागाहून दिराने पोचवलं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली, अक्का पुढच्या खोलीत सगळ्यांसमोर बसली. आलेल्या बायकांपैकी एक-दोघी कुजबुजल्या, हे मी नाकारत नाही. कुसुमने त्यांना दोन-दोन लाडू जास्त वाढले. तोंड भरलेलं असलं की कुजबुजता येत नाही. ठेच मात्र कुणाला लागली नाही. पावसाळ्यात पाऊसही पडला, पण तो मोरामुळे पडला असं म्हणण्याइतका मी अजून घसरलेलो नाही.

आता तुम्ही विचाराल, खुलासा काय? मास्तरांना नंतर मी सगळं सांगितलं. त्यांनी तीन शक्यता मांडल्या आणि तिन्ही स्वतःच खोडल्या. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने "पुरावा काय?" असं विचारलं, तेव्हा तो प्रश्न किती कंटाळवाणा वाटतो हे मला पहिल्यांदा कळलं. अक्काच्या नखांचा रंग नखांबरोबर वाढत वाढत पुढे आला आणि कापून गेला. तिला विचारलं की ती म्हणते, त्या दिवशी आम्ही गेल्यावर ती ओट्यावर बसली होती, डोळा लागला असावा, आणखी काही आठवत नाही. मला वाटतं ती खरं सांगते. मलाही याहून जास्त काही ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांत सुचलेलंही नाही. ज्या वाचकांना सुचेल त्यांनी मनात ठेवावं. मला आता त्याची फारशी गरज उरलेली नाही.

घरात माझं मत पूर्वी एक बाई फेटाळायची, आता दोघी मिळून फेटाळतात, एवढाच फरक. परवा त्या पडद्यांचं कापड आणायला कापडबाजारात गेल्या. मी फिकट बदामी सुचवलं होतं. येताना जांभळं घेऊन आल्या, त्यावर पिवळी सूर्यफुलं, एकेक फूल जेवणाच्या ताटाएवढं. अक्काने निवडलेलं. तिने ते दिवाणावर उलगडलं आणि मागे सरून कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

मी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "अक्का," म्हटलं, "याला आता म्हणायचं तरी काय?"

"म्हनायचं काय त्यात?" ती म्हणाली. "लावायचं. चल, त्ये टोक धर."